पक्क्या पुलावर पंचवीस

लखनौच्या चौक भागातल्या मराठी घरांना हे शहर आता परकं राहिलेलं नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी, घरं देशभरच्या सराफा बाजारांत पांगली, त्यातली काही इथे गोल दरवाजाच्या आतल्या गल्ल्यांत स्थिरावली. आजोबा मुशीपुढे बसले, वडील हिशेबाला बसले, आणि नातवंडं आता दुचाकीवरून नदीपलीकडे कॉलेजला जातात. ती ज्या पुलावरून जातात त्या पुलाबद्दल हे लिहितो आहे. गावाकडच्या वाचकांनीही वाचावं, कारण यातले बरेच मुद्दे जगबुडी आणि पंचगंगा या नद्यांच्या पुलांवर शिकलेले आहेत.

१. आधी मागणी, मग कारणं

चौकातून बड्या इमामबाड्यावरून पुढे गेलं की टीलेवाल्या मशिदीपाशी गोमतीवरचा पक्का पूल लागतो. पलीकडे खदरा आणि सीतापूर रोड. इथे पूर्वी नवाब आसफउद्दौलाच्या काळातला पूल होता. तो कमजोर झाला म्हणून इंग्रजांनी १९११ मध्ये काढला आणि त्याच्या ऐवजी आजचा कमानींचा पूल बांधला. १० जानेवारी १९१४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते तो खुला झाला, म्हणून कागदोपत्री हार्डिंग ब्रिज. रंगामुळे लोक लाल पूल म्हणतात. तेव्हा शहरात मोटारी मोजक्या होत्या. पुलाची रुंदी बग्ग्या, इक्के, हातगाड्या आणि पायी चालणाऱ्यांच्या हिशेबाने ठरली, आणि तो हिशेब आज आपण एकशेदहा वर्षांनंतर मोडीत काढतो आहोत.

मागणी तीन ओळींची आहे. पुलावर आणि पुलाच्या दोन्ही तोंडांपासून शंभर-शंभर मीटरपर्यंत सगळ्या वाहनांना ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असावी. ती नुसती पाटीवर राहू नये, रस्त्याच्या बांधणीतच असावी. आणि धुक्याच्या दिवसांत पुलावर ओव्हरटेक करायला पूर्ण बंदी असावी.

२. पंचवीसच का, तीस किंवा चाळीस का नाही

कारण पुलावरचं सगळ्यात संथ यांत्रिक वाहन पंचवीसनेच चालतं. ई-रिक्शाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर असावा असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. चौकात ई-रिक्शा किती आहेत हे मोजायच्या फंदात कोणी पडू नये. गोल दरवाजापुढे उभं राहिलं की कळतं.

आता विचार करा. पुलावर ई-रिक्शा पंचविसाने चालली आहे आणि मागच्या मोटारीला पन्नासची मुभा आहे. मोटारवाला काय करणार? बाहेर काढणार. पूल अरुंद, म्हणून समोरच्याच्या वाट्यात घुसणार. समोरून येणाराही तेच करत असेल तर मधे जागा किती उरते? बस किंवा ट्रकची कायद्याने मान्य रुंदी २.६ मीटरपर्यंत आहे. दोन बस समोरासमोर आल्या की ५.२ मीटर, त्यात आरसे धरलेले नाहीत, कठड्यापासून सोडायचं अंतर धरलेलं नाही आणि मधल्या सायकलवाल्याला तर कोणीच धरत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत दोन पदरी पुलाला किमान साडेसात मीटरचा रस्ता सांगितला आहे, तो याच हिशेबाने.

अरुंद पुलावरचे अपघात निव्वळ वेगाने होत नाहीत, वेगांमधल्या फरकाने होतात. सगळ्यांचा वेग सारखा केला की ओव्हरटेक करण्याचं कारणच संपतं. म्हणून मर्यादा ठरवताना सगळ्यात वेगवान वाहनाकडे बघू नये, सगळ्यात संथ वाहनाकडे बघावं. हा माझा मुख्य मुद्दा आहे. बाकीचे त्याला टेकू.

यात वेळ किती जातो तेही बघू. दोनशे मीटरचा पूल धरला तर पन्नासच्या वेगाने चौदा सेकंद लागतात, पंचवीसच्या वेगाने एकोणतीस. फरक पंधरा सेकंदांचा. चौकात पानवाल्याकडे सुट्टे पैसे मिळायला याहून जास्त वेळ लागतो.

३. दिसतं त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे

मोकळ्या रस्त्यावर नियम सोपा असतो: जेवढं पुढचं दिसतं तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे. अरुंद पुलावर तेवढ्याने भागत नाही. समोरचाही तुमच्याच पट्ट्यात येऊ शकतो, तोही तुमच्याइतकाच घाईत असतो आणि त्यालाही थांबायला अंतर लागतं. म्हणजे दिसणाऱ्या रस्त्यातला निम्माच तुमचा, निम्मा त्याचा.

भारतीय रस्ते काँग्रेसने रस्त्यांच्या आखणीसाठी थांबण्याची अंतरं दिलेली आहेत. ताशी २५ ला २५ मीटर, ३० ला ३०, ४० ला ४५, ५० ला ६०, ६० ला ८० आणि ८० ला १२०. त्यात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरलेले असतात. कोणी म्हणेल, माझा पाय अर्ध्या सेकंदात पडतो. पडत असेल, रस्ता लक्षपूर्वक बघत असताना. पुलावर मात्र माणूस नदीकडे बघतो, फोनकडे बघतो, मागे बसलेल्याशी बोलतो.

हे आकडे एकदा नीट वाचले की पंचवीस आणि पन्नास यांतला फरक दुपटीचा वाटत नाही. थांबायला पंचवीसला २५ मीटर लागतात, पन्नासला ६०. पुलावर साठ मीटर पुढचं दिसत असेल तर निम्म्याच्या नियमाने तुमच्या वाट्याला तीस येतात, आणि तीस मीटरांत पन्नासची गाडी थांबत नाही. धडकेचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, जोर चौपट. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेने पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा सुचवली. पक्क्या पुलावर तर बकऱ्याही असतात.

४. धुकं

लखनौत डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सकाळी गोमती दिसत नाही. ऐकू येते ती फक्त हॉर्नांची ओरड. अशा एखाद्या सकाळी पुलाच्या तोंडाशी उभं राहून बघण्यासारखं एक दृश्य असतं. समोर ई-रिक्शा, मागच्या पट्टीला दुधाचे रिकामे कॅन बांधलेले, त्यातल्या एकाने मागचा लाल दिवा झाकलेला. दिवा लागलेला आहे, फक्त कोणालाच दिसत नाही. मागून मोटारसायकलवाला येतो, मफलर डोळ्यांपर्यंत, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, कारण काचेवर दव धरतं. शेवटच्या दहा मीटरवर त्याला कॅन दिसतात. तो वळतो, रिक्शा चुकते, समोरचा हात दाखवून शिवी देतो आणि सगळे आपापल्या वाटेने जातात. अपघात झाला नाही, म्हणून नोंद झाली नाही. धुक्यातल्या पुलाचा हिशेब नेहमी असा कच्चा राहतो.

सरकारला हे कळत नाही असं नाही. यमुना एक्सप्रेसवेवर दरवर्षी १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात हलक्या वाहनांची मर्यादा ताशी १०० वरून ७५ आणि जड वाहनांची ६० करतात. चांगली गोष्ट. पण १६ डिसेंबर २०२५ च्या पहाटे, म्हणजे ती मर्यादा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मथुरेजवळ दाट धुक्यात बसगाड्या आणि मोटारी एकमेकांवर आदळल्या, आगी लागल्या आणि किमान तेरा माणसं गेली.

७५ हा आकडा कुठून आला असेल? ७५ च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास एकवीस मीटर जाते. अडीच सेकंदांत बावन्न. म्हणजे धुक्यात पन्नास मीटर दिसत असतील तर ब्रेकला पाय लागायच्या आतच तुम्ही पुढच्या गाडीत घुसलेले असता. ६० ला बेचाळीस मीटर जातात, आठ मीटर ब्रेकसाठी उरतात. मर्यादा कॅलेंडर बघून ठरवली की असं होतं. ती नजर बघून ठरली पाहिजे: शंभर मीटर दिसतं तेव्हा एक आकडा, पन्नास दिसतं तेव्हा दुसरा, आणि वीसच मीटर दिसतं तेव्हा चालण्याचा वेग. दुसऱ्या देशांतल्या महामार्गांवर बदलत्या आकड्यांच्या दिव्यांच्या पाट्या असतात. पक्क्या पुलाला एवढं काही लागणार नाही. शिपाई उभा असेल आणि पुलाच्या मधल्या दिव्याच्या खांबावर एक पिवळा पट्टा रंगवलेला असेल तरी पुरे. तोंडाशी उभं राहून तो पट्टा दिसेनासा झाला की ओव्हरटेक बंद.

५. गळ्याशी आल्यावर ब्रेक लावून उपयोग नसतो

आता गावाकडे येतो. हा मुद्दा मोठा होणार आहे.

१९ मार्च २०१३ ला पहाटे गोव्याहून मुंबईकडे निघालेली खासगी आरामबस खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून नदीत कोसळली. सदतीस माणसं गेली. मुंबई-गोवा महामार्गावरचा तो जुना, अरुंद पूल. रस्ता मोकळा, घाटाचा भाग सरलेला, रात्रीची वेळ. अशा वेळी बसचा वेग रस्त्याने ठरतो. पूल मात्र रस्त्याइतका रुंद नसतो. वाट अचानक आवळते आणि चालकाला ते शेवटच्या क्षणी कळतं.

तेव्हा सगळ्यांनी एकच मागितलं: नवा पूल. नवा पूल झाला. आणि १९ मे २०२५ ला पहाटे त्याच जगबुडीवर, भरणे नाक्याजवळ, मुंबईकडून देवरुखकडे निघालेली मोटार नदीपात्रात कोसळली. पाच जण गेले. म्हणजे पूल रुंद झाला म्हणून प्रश्न सुटला असं होत नाही. रुंद पुलावर गाड्या आणखी वेगाने येतात, आणि जिथे रस्ता संपून पूल सुरू होतो तो सांधा तसाच नाजूक राहतो. आपल्याकडे रस्त्याचा लोखंडी संरक्षक कठडा अनेकदा पुलाच्या कठड्याला जोडलेलाच नसतो. मधे मोकळी जागा असते, आणि बरोबर तिथेच गाडी घुसते. काही ठिकाणी पुलाच्या कठड्याचं टोक उघडं असतं, काळे-पिवळे पट्टेसुद्धा नसलेलं, रस्त्याकडे तोंड करून उभं.

कोल्हापूरचा शिवाजी पूल तर आपल्याला सगळ्यांना माहीत. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी पुण्याच्या बालेवाडीतल्या नातलगांची मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत गेली. तेरा जण गेले. शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभा होता. ब्रह्मपुरी टेकडीच्या संरक्षित क्षेत्रामुळे पुरातत्त्व कायद्याच्या परवानगीत त्याचं काम अडकलेलं. लोकांचा राग त्या अर्धवट पुलावर निघाला आणि तो रास्त होता. पण त्या वर्षांत जुन्या पुलावर काय केलं होतं? नवा पूल व्हायचाय म्हणून जुन्याकडे दुर्लक्ष, ही आपली जुनी खोड आहे. नवीन घर बांधायला काढलं की जुन्या घराची कौलं कोणी शाकारत नाही, तसं.

चौकातही आता हेच होऊ घातलंय. गोमतीच्या काठाने आयआयएम रोडपासून पक्क्या पुलापर्यंत ग्रीन कॉरिडॉरचा नवा, रुंद, गुळगुळीत रस्ता आला. गाड्या त्यावरून सरसर येतात आणि पुलाच्या तोंडाशी १९१४ सालात शिरतात. नवीन रस्त्यावरचा वेग चालकाच्या पायात काही काळ तसाच राहतो. मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे: एक्सप्रेसवेवरून उतरल्यावर साठचा वेगही चालल्यासारखा वाटतो. त्यामुळे मर्यादा पुलावर सुरू करून चालणार नाही. ती पुलाच्या शंभर मीटर आधी सुरू झाली पाहिजे आणि तिथेच रस्ता हळूहळू आवळत आणला पाहिजे, म्हणजे पूल येईपर्यंत डोळ्याला अरुंदपणाची सवय होईल.

६. पाणी

याला एकच आकडा पुरतो: शून्य. पुलावरून किंवा बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना सुरक्षित वेग नावाची गोष्ट नसते. साधारण तीस सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी मोटार उचलतं, साठ सेंटिमीटर असेल तर बहुतेक सगळी वाहनं वाहून नेतं. कोल्हापूर-सांगलीकडची माणसं पावसाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या (को.प.) बंधाऱ्यांवरून शेवटच्या क्षणापर्यंत जात राहतात, कारण रोजचा रस्ता तोच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस गेल्या. तिथे चालकांची काही चूक नव्हती. पूल बंद करायचा निर्णय कोणीतरी घ्यायला हवा होता. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. एवढ्या वेगाने काम होऊ शकतं हे तेव्हा कळलं. हे कळायला मात्र एवढी माणसं जावी लागली.

७. पाटीचा आकार

'अरुंद पूल' ही पाटी त्रिकोणी असते. त्रिकोणी पाटी म्हणजे इशारा. ती मोडली म्हणून कोणाला दंड होत नाही. वेगमर्यादेची पाटी गोल असते, लाल कडेची, आणि ती हुकूम असते. 'समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्या' हीसुद्धा हुकुमाची पाटी आहे, पण आपल्याकडे ती पुलावर क्वचितच दिसते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी हा नियम आपल्या चालकांना तोंडपाठ आहे, कारण तो लायसन्सच्या परीक्षेत विचारतात. सपाट रस्त्यावरच्या अरुंद पुलावर आधी कोण, हे कोणीच ठरवून दिलेलं नाही. मग ते डिपर ठरवतो. जो आधी दिवे उघडझाप करतो तो म्हणतो, मी आलो, तू थांब. समोरचाही तेच म्हणत असतो. युरोपात तोच इशारा अनेकदा 'तू ये, मी थांबतो' असा घेतात. लखनौत 'पहले आप' म्हणतात खरं. डिपरला ते अजून कोणी शिकवलेलं नाही.

पाट्या लागल्या की काम संपलं असं मानायची आपली सवय आहे. माणूस पाटी वाचून हळू जात नाही. गाडी थरथरली, रस्ता आवळला, समोर काहीतरी उभं दिसलं, तर हळू जातो. तेव्हा पुलाच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरपासून रंबल पट्ट्या हव्यात, आणि पुलाकडे जाता-जाता त्यांच्यातलं अंतर कमी होत जायला हवं. पुलाच्या मधोमध लवचीक खांब हवेत, म्हणजे ओव्हरटेक करताच येणार नाही. कठड्यांची टोकं रंगवलेली आणि रस्त्याच्या कठड्याला जोडलेली हवीत. रस्त्यात बसवलेल्या चकाकणाऱ्या खुंट्या हव्यात, आपण ज्यांना कॅट-आय म्हणतो. गतिरोधक मात्र पुलावर नको. त्याने कमानींवर आदळ बसते आणि मागची गाडी अचानक थांबते. यातलं काहीही महागडं नाही. नव्या पुलाच्या खर्चापुढे तर हा किरकोळ खर्च आहे.

८. 'कोंडी होईल हो'

ही हरकत येणारच, आणि ती हसण्यावारी न्यायची नाही. सीतापूर रोडने येणाऱ्या ॲम्ब्युलन्सनाही याच बाजूने मेडिकल कॉलेजच्या ट्रॉमा सेंटरला यायचं असतं.

जरा हिशेब करू. एकामागून एक गाड्या दोन सेकंदांचं अंतर राखून चालल्या आणि गाडीची लांबी पाच मीटर धरली, तर पन्नासच्या वेगाने एका पट्ट्यातून तासाला साधारण पंधराशे गाड्या जातात. पंचवीसच्या वेगाने सव्वातेराशे. वेग निम्मा झाला तरी गाड्यांची संख्या निम्मी होत नाही. दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. कारण वेग कमी झाला की गाड्या जवळ-जवळ चालू शकतात. आणि हा पन्नासचा हिशेबही कागदावरचाच. चौकातल्या पुलावर गर्दीच्या वेळी पन्नासने कोणाला जाता येतं?

कोंडी पुलावर होतच नाही. ती होते पुलाच्या तोंडाशी. ई-रिक्शा तिथेच थांबून सवारी भरतात, फळाचे ठेले तिथेच लागतात, आणि नव्या काठच्या रस्त्याचा प्रवाहही तिथेच येऊन मिळतो. पुलाच्या तोंडापासून पन्नास मीटर रिक्शा थांबा बंद केला तर पंधरा टक्के भरून निघतील आणि वर काही शिल्लक राहील. ॲम्ब्युलन्सला वेगाच्या मुभेची गरज कमी आणि मोकळ्या वाटेची जास्त असते. लोकांनी ओव्हरटेक करून दोन्ही पट्टे भरले की ॲम्ब्युलन्सला मधेच उभं राहावं लागतं. हे चौकात बघितलं नाही असं कोणी म्हणणार नाही.

९. दिवाळीत गावाकडे निघणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या मालकांसाठी

पुष्पक एक्सप्रेसचं तिकीट मिळालं नाही की चौकातली घरं गाडी काढतात. गावाकडचं विटा इथून चौदाशे-पंधराशे किलोमीटर. रात्रीतून जास्तीत जास्त अंतर कापायचं, दोघं आलटून-पालटून चालवायचं, पहाटे चारला डोळे जड व्हायचे. जगबुडीचे दोन्ही अपघात पहाटेचे आहेत, मथुरेचाही. पहाटे तीन ते सहा या वेळात शरीर झोपेच्या तळाशी असतं. चालकाला वाटतं आपण जागे आहोत. या वेळात पूल ओलांडायची वेळच येणार नाही असा प्रवास आखणं चांगलं.

आणि नकाशावर आंधळा विश्वास नको. २४ नोव्हेंबर २०२४ ला बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली गेली, तिघे गेले. फोनवरचा नकाशा रस्ता पुढे आहे असं दाखवत होता आणि पूल पुढे नव्हता. तिथे आडवा बांध नव्हता ही यंत्रणेची चूक, हे खरंच. पण अनोळखी पुलावर दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता येण्याइतक्या वेगाने कोणी गेलं, तर अशा चुकीतूनही वाचायची थोडी संधी उरते.

मालकांसाठी एक कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे वेगमर्यादा मोडणाऱ्या हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, आणि मध्यम-जड वाहनाला दोन ते चार हजारांपर्यंत दंड आहे. तो चालकालाच होतो असं नाही. नोकराला तसं चालवायला लावणाऱ्यालाही होतो. 'अमुक वाजेपर्यंत पोचलंच पाहिजे' असं सांगितलं, आणि मर्यादा मोडल्याशिवाय तेवढ्या वेळात पोचणं शक्य नसेल, तर ते सांगणंच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतं, असं त्याच कलमात आहे. ही तरतूद मी बऱ्याच व्यापारी मित्रांना वाचून दाखवली आहे. एकानेही आधी ऐकलेली नव्हती.

१०. उत्तर प्रदेशचा आकडा

२०२२ मध्ये तमिळनाडूत ६४,१०५ रस्ते अपघात झाले आणि १७,८८४ माणसं गेली. उत्तर प्रदेशात अपघात ४१,७४६, पण माणसं गेली २२,५९५, देशात सगळ्यात जास्त. अपघात कमी आणि मृत्यू जास्त, याला दवाखान्याचं अंतर, नोंदी न होणं अशी आणखीही कारणं असतील. पण जोरात आदळलेली गाडी हे त्यातलं एक कारण आहेच. त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यात सात दशांशांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. महाराष्ट्राचा आकडा १५,२२४. आपण कोणाला शिकवायच्या जागेवर नाही.

११. अर्ज कुठे आणि कशावर

कायद्यात जागा आहे. कलम ११२ (२) प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, किंवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे, राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा वेगावर मर्यादा घालू शकते. पूल हा शब्द कलमातच आहे. कलम ११५ प्रमाणे एखाद्या पुलावर ठरावीक वाहनांना बंदीही घालता येते. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ सांगतं की रस्त्याच्या आखणीत, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली गेली नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एवढी रक्कम ठेकेदाराला जाणवणारही नाही, हे मान्य. पण कलमाचा उल्लेख असलेला अर्ज टेबलावर आला की फाइल निदान उघडली जाते.

सुरुवात माहितीच्या अधिकारातल्या अर्जाने करायची. पुलाची देखभाल कोणाकडे आहे, शेवटची तपासणी कधी झाली, पुलाची मोकळी रुंदी किती, पुलावर आज वेगमर्यादा किती आणि ती कोणत्या आदेशाने, एवढेच चार प्रश्न. अर्ज हिंदीत लिहायचा. मराठीतून आलेलं पत्र इथल्या कार्यालयात तसंच पडून राहील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सह्या नुसत्या आपल्या मराठी मंडळाच्या नकोत. खदऱ्यातल्या शाळेचे पालक, ई-रिक्शाचे चालक, टीलेवाल्या मशिदीजवळचे दुकानदार यांच्याही हव्यात. पुलावर रोज येणारे तेच आहेत.

आणि एक सोय कायद्यातच आहे, ती कोणी वापरत नाही. वेगावरची मर्यादा एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही. चौकातलं सगळ्यात दाट धुकं साधारण तेवढंच टिकतं. २० डिसेंबर ते १९ जानेवारी असा एक महिना मागायचा. पंचवीसची मर्यादा, दोन्ही तोंडांना रंबल पट्ट्या, मधोमध खांब आणि पुलाच्या तोंडापासून पन्नास मीटर रिक्शा थांबा बंद. लखनौला २०२० पासून पोलीस आयुक्तालय आहे, विनंती तिथल्या वाहतूक शाखेकडे करायची. ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवी, कारण पट्ट्या टाकायला पुलाची देखभाल करणाऱ्या विभागाला दोन महिने लागतात असं ते सांगतील, आणि खरंच लागतील.